‘एट’ म्हणजे आठ नव्हे, आणि जेवणेही नव्हे

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या घरामागच्या निंबाला झोका बांधण्याची रीत अजून टिकून आहे. गेल्या आखाजीला माझ्या आईने, पंचाहत्तरी उलटलेली असताना, त्या झोक्यावर बसून गौराईची दोन गाणी म्हटली. शेजारच्या सुनेने ती फोनवर टिपली आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. पाच मिनिटांत पुण्याला शिकणाऱ्या माझ्या भाचीचा अभिप्राय आला, आणि तो म्हणजे नुसता एक आकडा होता: ८. आईने चष्मा लावून तो आकडा दोनदा वाचला आणि मला विचारले, “दोन मार्क काब्र कापात?” नातीने आपल्याला दहापैकी आठ गुण दिले असा तिचा समज झाला होता, आणि उरलेले दोन कशासाठी गेले हे तिला कळायला हवे होते. धुळ्याला तीस वर्षे इंग्रजी शिकवूनही मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही. ते भाचीलाच फोन करून विचारावे लागले.

उत्तर असे की, तो आकडा आठ नव्हताच. अमेरिकन उच्चारात आठ या संख्येचे इंग्रजी नाव आणि ‘ईट’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप ‘एट’ ही दोन्ही अगदी सारखी ऐकू येतात. जुन्या ब्रिटिश उच्चारात ‘एट’मधला स्वर आखूड असतो आणि आमच्या पिढीला शाळेत बहुधा तोच शिकवला गेला, त्यामुळे हा सारखेपणा आमच्या कानाला चटकन जाणवत नाही. तरुण मुले मात्र, आळस म्हणा किंवा गंमत म्हणा, तीन अक्षरांच्या शब्दाऐवजी एक आकडा टाकून मोकळी होतात. पण एवढे कळूनही कोडे सुटत नाही, कारण ‘एट’ म्हणजे ‘खाल्ले’ हा शब्दकोशातला अर्थ इथे लागू पडत नाही. ‘शी एट’ म्हणजे तिने कमाल केली, समोरचे काम असे काही केले की त्यात बोट ठेवायला जागा उरली नाही. आईला आठ गुण मिळाले नव्हते; तिला पैकीच्या पैकी मिळाले होते.

हा प्रयोग वाक्यात कसा बसतो ते नीट पाहिले पाहिजे, कारण त्याचे व्याकरण नेहमीच्या ‘ईट’पेक्षा थोडे निराळे चालते. नेहमीच्या इंग्रजीतही ‘ईट’ला कर्म लागतेच असे नाही, ‘आय हॅव ईटन’ म्हटले की माझे जेवण झाले एवढा अर्थ निघतो, आणि न सांगितलेले कर्म म्हणजे अन्न, हे ऐकणाऱ्याला आपोआप समजते. बोलीतल्या प्रयोगातही कर्म सांगितलेले नसते, किंवा ‘यू एट दॅट’ यात असते तसे ‘ते’ एवढे मोघम असते. फरक इतकाच की न सांगितलेली वस्तू अन्न नसून ते गाणे, तो नाच, तो पेहराव, ते भाषण किंवा भांडणातले ते सडेतोड उत्तर असते. रूप बहुतेक वेळा भूतकाळीच असते, कारण हा निकाल काम संपल्यावर दिला जातो. काम चालू असतानाच दाद द्यायची असेल तर ‘शी इज ईटिंग’ म्हणतात. ‘डिडन्ट ईट’ म्हटले की प्रयत्न फसला. एखाद्याने आपल्याच कामाची फुशारकी मारली आणि खालून कोणी ‘बट डिड यू ईट?’ असे विचारले, तर तो प्रश्न जेवणाच्या चौकशीचा नसून टोमणा असतो. आणि ‘एट’ने पोट भरले नाही तर ‘डिव्हाउर्ड’ आहेच, ज्याला आपण ‘फस्त केले’ म्हणू.

याच प्रयोगाला पुष्कळदा एक शेपूट जोडलेले असते: ‘अँड लेफ्ट नो क्रम्ब्ज’. क्रम्ब म्हणजे पाव खाताना खाली सांडणारा चुरा. तोही शिल्लक ठेवला नाही, म्हणजे कामात कसलीही कसर ठेवली नाही. पाव खाणाऱ्या समाजाला सुचलेली ही प्रतिमा आहे. आपल्याकडे हीच गोष्ट सांगायला ‘पानात शीतही ठेवले नाही’ असे म्हणतात. जळगावकडच्या मळ्यातली भरीत पार्टी ज्याने पाहिली असेल त्याला हे वेगळे समजवायला नको. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी सोलून लाकडी बडगीत ठेचतात, वर मिरची-लसणाची फोडणी पडते, कळण्याच्या पुऱ्या येतात, आणि शेवटी केळीचे पान इतके स्वच्छ झालेले असते की त्यावर काय वाढले होते हे नंतर आलेल्याला सांगावे लागते. ‘लेफ्ट नो क्रम्ब्ज’ म्हणजे ते पान. भाषांतर करणाऱ्या यंत्राला मात्र हे ठाऊक नसते. मी तेच वाक्य फोनमधल्या एका भाषांतरकाला दिले, तेव्हा त्याने निर्विकारपणे ‘तिने खाल्ले आणि तुकडे सोडले नाहीत’ असे उत्तर दिले, जे वाचून एखाद्याला मुंगीची गोष्ट चालू आहे असे वाटेल.

हा अर्थ आजच्या पोरांनी इन्स्टाग्रामवर जन्माला घातला असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. तो अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीतून, आणि विशेषतः न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील ‘बॉल’ नावाच्या स्पर्धांच्या वर्तुळातून आलेला आहे. या स्पर्धांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समाजातील समलिंगी व पारलिंगी माणसे वेशभूषा, चाल आणि नृत्य यांत एकमेकांशी चुरस करीत. घरच्यांनी हाकलून दिलेली कितीतरी तरुण मुले त्यांत असत, आणि सत्तरच्या दशकापासून ती ‘हाउस’ नावाच्या गटांत एकत्र राहू लागली. या हाउसला आपल्या गायकीतला ‘घराणे’ हा शब्द चपखल बसतो, कारण तिथेही नाव वारशाने मिळते, शिकवणारी वडीलधारी व्यक्ती असते आणि तिला ‘मदर’ म्हणतात. ‘स्ले’, ‘शेड’, ‘रीड’, ‘सर्व्ह’ हे आज कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकू येणारे शब्द याच वर्तुळातून बाहेर पडले. त्यांतला ‘सर्व्ह’ आपल्या कामाचा आहे. तिथे एखादी व्यक्ती मंचावर आपले रूप ‘सर्व्ह’ करते, म्हणजे वाढते, आणि तिचे काम उत्तम झाले की ‘तिने खाल्ले’ असेही तिच्याविषयीच म्हणतात. वाढणारीही तीच आणि खाणारीही तीच, हे आपल्या पंगतीच्या शिस्तीत बसणारे नाही, पण बोलीभाषेला अशी विसंगती कधी अडवीत नाही.

या स्पर्धांबद्दल एक गोष्ट मला नंतर कळली आणि आईच्या प्रश्नाची आठवण झाली. तिथे परीक्षक आकड्यांच्या पाट्या वर धरून गुण देतात, आणि सगळ्या परीक्षकांनी दहाची पाटी उचलली की ‘टेन्स अक्रॉस द बोर्ड’ असा पुकारा होतो. म्हणजे ज्या मंडळींच्या तोंडून हा शब्द जगभर गेला, त्यांच्याकडेही पैकीच्या पैकी म्हणजे दहाच होते. आईने दोन गुणांचा हिशेब मागितला तो त्यांना पटला असता.

तिथून हा शब्द गायक, नर्तक, दूरचित्रवाणीवरचे कार्यक्रम असा प्रवास करीत टिकटॉकवर पोहोचला आणि २०२० नंतर सर्वतोमुखी झाला. भारतात २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, पण त्याच जुलैत इन्स्टाग्रामचे रील भारतात सुरू झाले, आणि बंद झालेल्या दाराशेजारच्या खिडकीतून तीच भाषा आत आली. चाळीसगावच्या मुलीला आणि शिकागोच्या मुलीला आता एकच शब्द एकाच महिन्यात कळतो. या प्रवासात मूळ धन्यांचे नाव मात्र गळून पडले, आणि ज्यांच्या बोलीला शाळेत ‘अशुद्ध’ म्हणत त्यांच्या शब्दाला ‘नव्या पिढीची भाषा’ असे गोंडस नाव मिळाले. अहिराणी बोलणाऱ्या माणसाला यात नवल वाटू नये. आमच्याही तोंडात शिक्षकांनी ‘शुद्ध बोल’ म्हणून बोळा घातला होता, आणि आज तीच अहिराणी यूट्यूबवरच्या विनोदी व्हिडिओंत लाखो लोक चवीने ऐकतात.

‘ईट’चे इतर बोलीतले अर्थ याहून जुने आहेत, आणि त्यांतील काही या नव्या अर्थाच्या नेमके उलट आहेत. गोंधळ होतो तो इथे. लाटांवर फळी घेऊन स्वार होणारे आणि चाकांच्या फळीवर कसरती करणारे लोक कोणी तोंडावर पडला की ‘ही एट इट’ म्हणतात. आता पाहा: ‘ही एट’ म्हणजे त्याने कमाल केली; ‘ही एट दॅट’ म्हणजेही कमाल केली; पण ‘ही एट इट’ म्हणजे तो आपटला. मध्ये फक्त ‘इट’ हे इवलेसे सर्वनाम आले आणि सत्काराचे रूपांतर फजितीत झाले. मराठी माणसाला या तिसऱ्या वाक्याचे भाषांतर शोधावे लागत नाही, कारण ते त्याच क्रियापदासह तयार आहे: त्याने आपटी खाल्ली. चित्रपट आपटी खातो, शेअर बाजार आपटी खातो, ट्रक घाटात पलटी खातो. तिकडचा ‘ईट डर्ट’ आणि आपले ‘माती खाणे’ हे तर सख्खे भाऊ वाटतात, तरी त्यांच्यात फरक आहे: ‘ईट डर्ट’मध्ये अपमान मुकाट्याने सोसण्याचा भाव आहे, तर आपल्याकडे माती खाल्लेला माणूस ऐन वेळी चुकलेला असतो आणि ते खापर त्याच्याच माथी फुटते.

कमाईचा अर्थही महत्त्वाचा आहे. अमेरिकन हिप-हॉपच्या बोलीत ‘ईट’ म्हणजे पैसा मिळवणे, पोटापाण्याची सोय होणे. ‘एव्हरीबडी ईट्स’ म्हणजे एकाचे नशीब उघडले की सगळ्या साथीदारांच्या चुली पेटल्या पाहिजेत. खेळाच्या मैदानावरही भूक हीच प्रतिमा चालते. अमेरिकन फुटबॉलमधला डॅलस काउबॉइज संघाचा एझिकिएल इलियट चेंडू आपल्याकडे द्या हे सांगायला हाताने तोंडात चमचा घालण्याची खूण करीत असे, आणि ती इतकी गाजली की प्रेक्षकही ती करू लागले. व्यापारात मात्र ‘ईट द कॉस्ट’ म्हणजे खर्च किंवा तोटा स्वतः सोसणे. समजा रावेरहून निघालेला केळीचा ट्रक वाटेत दोन दिवस अडकला, दिल्लीला पोहोचेपर्यंत माल काळा पडला आणि व्यापाऱ्याने शेतकऱ्याचे ठरलेले पैसे न कापता ते नुकसान आपल्या अंगावर घेतले, तर इंग्रजीत ‘त्याने तोटा खाल्ला’ असे म्हणतील आणि त्यात त्याचे कौतुक असेल. मराठीत तोटा सोसतात, पचवतात, अंगावर घेतात. तो खात नाहीत. मराठीत व्यापाऱ्याने काही ‘खाल्ले’ असे ऐकले की शेतकरी आधी वजनकाट्याकडे पाहील.

माघार घेण्याचे वाक्प्रचार हा ‘ईट’चा सर्वांत जुना आणि मला सर्वांत आवडणारा भाग आहे. आपली चूक भर सभेत कबूल करावी लागणे याला एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकेत ‘ईट क्रो’, म्हणजे कावळा खाणे, असे म्हणतात. आपण पितृपक्षात कावळ्याला खाऊ घालतो आणि त्याने घास शिवला नाही तर कासावीस होतो. तिकडे चुकलेल्या माणसाच्या पानात तोच कावळा वाढला जातो. इंग्लंडात त्याच अर्थाने ‘हंबल पाय’ खातात. यातला ‘हंबल’ हा नम्रता सांगणारा शब्द मुळात तिथे नव्हताच. हरणाच्या काळीज, आतडी वगैरे आतल्या मांसाला पूर्वी इंग्रजीत ‘अंबल्स’ म्हणत आणि त्याची पाय, म्हणजे भरलेली कणकेची वाटी, केली जाई. ‘हंबल’मधला ‘ह’ अनेक ठिकाणच्या बोलीत उच्चारला जात नसे, त्यामुळे दोन शब्द सारखे ऐकू येऊ लागले, आणि त्या श्लेषातून नमते घेण्याचा वाक्प्रचार तयार झाला. आकड्याच्या जागी क्रियापद ऐकणे ही आजच्या पोरांची करामत आणि हरणाच्या आतड्याच्या जागी नम्रता ऐकणे ही त्यांच्या पूर्वजांची करामत, एकाच जातीची आहे.

‘ईट वन्स वर्ड्स’ याबाबत मात्र सावध राहावे लागते. त्याचा अर्थ दिलेले विधान मागे घेणे असा आहे. मराठीत ‘शब्द खाणे’ म्हणजे घाईत बोलताना अक्षरे गाळणे. वर्गात माझ्याकडून नेहमी होणारी दुरुस्ती ती हीच. परीक्षेत दरवर्षी कोणीतरी ‘मंत्र्याने आपले शब्द खाल्ले’ असे लिहीत असे आणि वाचणाऱ्याला मंत्री अस्पष्ट बोलतात असे वाटे.

इथपर्यंत आल्यावर मला एक गोष्ट लक्षात आली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली तीच आहे. आपले ‘खाणे’ काय खाल्ले ते सांगितल्याशिवाय बहुधा पुढे जात नाही, आणि अर्थ त्या खाल्लेल्या वस्तूत असतो. मार, शिव्या, बोलणी, टक्केटोणपे, गटांगळ्या, हेलकावे हे सगळे सोसण्याचे. कच आणि हाय खाल्ली की माणूस खचला. शेण खाल्ले की लाज घालवली. मन खाते तेव्हा अपराधाची टोचणी असते आणि तिथे खाणारे आपण नसून मन असते, जसे इंग्रजीत ‘व्हॉट इज ईटिंग यू’ असे विचारतात तेव्हा खाणारी चिंता असते. या यादीत सोसणे, चुकणे, खचणे हेच फार आहे. मग नातीने दिलेली दाद मराठीत आणायला याच क्रियापदाचा कोणता प्रयोग मिळतो? मिळतो, आणि तो फार जुना आहे: भाव खाणे. एरवी ‘भाव खाते’ म्हणजे आढ्यता करते, पण ‘समारंभात तीच भाव खाऊन गेली’ म्हणजे सगळ्यांच्या नजरा तिच्यावर खिळल्या. नाटकवाले याहून पुढे जातात. एखाद्या नटाने समोरच्याला फिके पाडले की ते ‘त्याने सीन खाल्ला’ किंवा सरळ ‘त्याला खाऊन टाकले’ म्हणतात, आणि ते हार्लेमहून शिकून आलेले नाहीत. आजच्या मराठी पोरांचे ‘तोडलंस भावा’ हेही याच कामाचे, फक्त स्वयंपाकघराऐवजी हाणामारीतून आलेले.

मराठीतही कर्म गाळून ‘खातो’ एवढेच म्हणण्याची एक जागा आहे, आणि ती आपल्याविषयी बरेच काही सांगून जाते. तलाठ्याच्या किंवा कुठल्याही कचेरीच्या बाहेर बसून कोणी हळूच विचारले, “साहेब खातात का?”, तर त्या साहेबांच्या आहाराची ती चौकशी नसते. इंग्रजी बोलीत कर्म गाळलेले ‘खाल्ले’ म्हणजे यश किंवा कमाई, आणि मराठीत कर्म गाळलेले ‘खाल्ले’ म्हणजे लाच. जे सगळ्यांना आधीच ठाऊक असते ते बोलताना गाळले जाते. कोणत्या समाजाने काय गाळले, हे पाहण्यासारखे असते. म्हणून कोणी अमेरिकन पाहुण्याने तुमच्या नोकरदार मुलाविषयी ‘ही इज ईटिंग’ असे कौतुकाने म्हटले, तर ते शेजाऱ्यांना सांगताना भाषांतर जपून करावे.

व्युत्पत्तीच्या अंगाने पाहिले तर ही दोन क्रियापदे सख्खी नाहीत. ‘खाणे’ संस्कृतातील ‘खाद्’वरून आले, ‘ईट’ मात्र ‘अद्’ या दुसऱ्या धातूच्या कुळातले आहे, आणि त्याच ‘अद्’पासून आपला ‘अन्न’ हा शब्द झाला आहे. म्हणजे इंग्रजांचे ‘ईट’ आणि आपले ‘अन्न’ हे हजारो वर्षांपूर्वी दुरावलेले भाऊबंद आहेत. तैत्तिरीय उपनिषदात अन्नाची फोड करताना, जे प्राण्यांकडून खाल्ले जाते आणि जे प्राण्यांना खाते ते अन्न, असे म्हटले आहे. खाणारा आणि खाल्लेला यांची अदलाबदल ही कल्पना त्या शब्दाला तेव्हापासून चिकटलेली आहे. इंग्रजीतील काळजी करणे या अर्थाचा ‘फ्रेट’ हा शब्दही मुळात ‘खाऊन टाकणे’च होता, कारण तो ‘ईट’च्या जुन्या रूपाला उपसर्ग लागून तयार झाला. आमच्या अहिराणीत ‘खाल्ले’ला ‘खादं’ म्हणतात; गुजराथीतल्या ‘खाधुं’चा शेजार त्यात सरळ ऐकू येतो, आणि तापीकाठच्या नकाशाकडे पाहिले की ते का हेही कळते.

या क्रियापदाला असभ्य अर्थही आहेत हे सांगायला हवे, कारण कोणी सांगत नाही आणि मग पंचाईत होते. ‘ईट आउट’ म्हणजे हॉटेलात जेवायला जाणे, हे खरे. पण त्यात मध्ये एखाद्या व्यक्तीचा उल्लेख कर्म म्हणून आला की अर्थ लैंगिक होतो. ‘ईट मी’ ही तर सरळ शिवी आहे. ज्याला खात्री नाही त्याने हे क्रियापद माणसाला कर्म म्हणून जोडू नये, एवढा नियम पाळला तरी पुरे. ‘शी एट’ हे स्वतः निरुपद्रवी आहे, पण ते दोस्तीतल्या बोलण्यातले आहे. मुलाखतीत, अर्जात किंवा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते शोभत नाही. आणि माझ्या वयाच्या माणसाने ते वापरले की मुले तो शब्द त्याच दिवशी टाकून देतात, हे मी घरातच अनुभवले आहे.

चुलीजवळचाच ‘कुक’ हा शब्दही सध्या असाच वापरला जातो, त्याचे दोन शब्दांत सांगतो. ‘लेट हिम कुक’ म्हणजे मध्ये बोलू नका, त्याला त्याचे करू द्या, काहीतरी चांगले निघेल. ‘आय ॲम कुक्ड’ म्हणजे मी संपलो. शिजवणारा तो कर्तबगार आणि शिजलेला तो मेलेला. कर्तरी प्रयोगाचा कर्मणी झाला की पारडे फिरते. ‘ईट’चेही तसेच आहे, हे आता वेगळे सांगायला नको.

चंपाषष्ठीला भाची घरी आली. चातुर्मासभर वर्ज्य असलेले वांगे त्या दिवशी पुन्हा चुलीवर चढते, त्यामुळे अंगणात भरीत आणि रोडग्यांचा बेत होता. जेवणे झाल्यावर तिने केळीच्या रिकाम्या पानांचा फोटो काढला आणि त्याखाली लिहिले, ‘वी एट’. आईने फोन हातात घेऊन ते मला वाचायला लावले, मग नातीकडे वळून विचारले, “जेवनात का भाव खादा?”

“दोन्ही, आजी,” भाची म्हणाली. पानांवर खरोखरच काही उरले नव्हते.